ईद चंद्राची, भिंत पावसाची

तारापूर म्हटले की लोकांना दोनच गोष्टी आठवतात. एक १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र आणि दुसरी बोईसरची औद्योगिक वसाहत. गाव मात्र या दोहोंहून कितीतरी जुने आहे. खाडीच्या तोंडाशी पोर्तुगिजांचा किल्ला आहे, तो १७३९ साली मराठ्यांनी जिंकला. पारशी समाजातले तारापोर हे आडनाव याच गावावरून पडले. मुसलमान, पारशी, भंडारी, मांगेला, वाडवळ अशी सगळ्यांची वस्ती या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी राहिली. त्यांची जुनी घरे आजही गल्लीबोळांतून दिसतात. काळ्या दगडाचे जोते, भाजक्या विटांच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, सागवानी खांब आणि वर मंगलोरी कौले.

आमचे वडिलोपार्जित घर यांपैकीच एक. आम्ही नवरा-बायको दोघेही नोकरीमुळे बोईसरला फ्लॅटमध्ये राहतो. तारापूरच्या घरात आमच्या फुफी राहतात. आज वय पंचाहत्तरीच्या पुढे. घराची पश्चिमेची भिंत खाडीकडे तोंड करून उभी आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वारा आणि पाऊस तिच्यावरच येऊन आदळतात, आणि उरलेले आठ महिने खारी हवा. या भिंतीची गोष्ट आज सांगायची आहे, कारण आमच्याच हातून ती जवळजवळ गेली होती. तीही साफसफाई करता करता.

ईद जुलैत आली

आमच्या लहानपणी रमजान लागण्याआधी घराला चुना लावण्याची रीत होती. आम्ही शाळेत होतो तेव्हा ईद एप्रिल-मार्चच्या सुमारास येई. भिंती कोरड्या असत, ऊन फार तापलेले नसे, आठ दिवसांत घर पांढरेशुभ्र होई. त्यामुळे ‘ईदच्या आधी रंग’ हा नियमच आहे, असे आमच्या मनात पक्के बसले.

चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून ईद दरवर्षी तितकी अलीकडे सरकते आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून परत पहिल्या जागी येते. हे आम्हाला पाठ होते. पण भिंतीशी त्याचा काही संबंध असेल, हे डोक्यात आले नाही.

२०१६ साली ईद ७ जुलैला आली. त्या वर्षी आमचा चुलतभाऊ आखाती देशातून ईदला येणार होता. हिवाळ्यात त्याच्या मुलीचा निकाह याच घरात व्हायचा होता. खाडीकडची भिंत काळी पडली होती, खालच्या बाजूला हिरवे शेवाळ होते, ओट्याच्या दगडांवर पांढरी भुकटी फुटली होती. भावाने फोनवर सांगितले, “खर्चाची फिकीर करू नका, ईदला घर नव्यासारखे दिसले पाहिजे.” आम्हालाही ते पटले.

ठेकेदार आला तो प्रेशर वॉशर घेऊनच. जूनचा तिसरा आठवडा होता आणि पाऊस सुरू झालेला. पाण्याचा झोत भिंतीवर बसला की काळा थर निघे आणि खाली विटेचा तांबडा रंग दिसे. आम्ही खूश होतो. काळ्या थराबरोबर चुन्याचा गिलावा आणि विटांमधल्या दरजाही वाहून चालल्या आहेत, हे आमच्या लक्षात आले नाही. जोत्याच्या दगडावरची पांढरी भुकटी घालवायला त्याने ॲसिड ओतले. शेवाळासाठी ब्लीच आणले होते. त्याच्या हाताखालच्या पोराने दोन्ही एकाच बादलीत टाकले. पिवळसर वाफ उठली आणि ते पोर खोकत खोकत ओट्यावर बसले. त्याला डॉक्टरकडे नेले. संध्याकाळपर्यंत तो सावरला, पण त्याच्या आईसमोर उभे राहताना आमची मान वर होत नव्हती. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. आसपास इतके रासायनिक कारखाने असलेल्या गावात, दोन शिक्षकांच्या घरात हे घडावे, याची लाज आजही वाटते.

पुढे उघड्या पडलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा झाला. तो नीट सुकण्याआधीच वर बाहेरच्या भिंतींचा महागडा प्लास्टिक रंग चढला. ईदच्या दिवशी घर खरोखर चकचकीत दिसत होते. सगळ्यांनी तारीफ केली. फुफी तेवढ्या गप्प होत्या.

भिंतीला ताप

निकाह झाला, पाहुणे गेले. पुढच्या पावसाळ्यानंतर रंगाला फुगे आले. त्याच्या पुढच्या वर्षी पोपडे सुटले. बाहेरचे दिसत होते म्हणून आम्ही बाहेरच पाहत होतो. खरी खराबी आत चालली होती. फुफींच्या खोलीत भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत ओल चढली. कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येऊ लागला. तुळईचे भिंतीत शिरलेले टोक मऊ पडले. फुफींचा खोकला हटेना. डॉक्टरांनी औषध दिले आणि म्हणाले, “खोली बदला.”

घरात दोन तट पडले. एकाचे म्हणणे, फुफींना बोईसरला आणावे आणि जागा बिल्डरला द्यावी. दुसऱ्याचे म्हणणे, घर गेले की तारापूरशी नाते तुटले. फुफी एवढेच म्हणाल्या, “बेटा, मला खोली बदलायला सांगता. आजारी भिंत आहे, तिला कुणी दाखवाल की नाही?”

शेवटी चिंचणीच्या बाजूचे एक वयस्कर गवंडी आले. त्यांनी तरुणपणी वडिलांबरोबर चुन्याची कामे केली होती. थापीच्या दांड्याने त्यांनी भिंत ठोकत नेली. कुठे भरीव आवाज येई, कुठे पोकळ. पोकळ जागी एक पोपडा उचकटला तर मागची वीट ओल्या बिस्किटासारखी भुगा होऊन हातात आली. मिस्त्री म्हणाले, “मास्तर, ओल्या माणसाला तुम्ही रेनकोट घातलात. घाम कुठून जाणार?”

भिंत श्वास घेते म्हणजे काय

आम्ही भाषा शिकवणारी माणसे. पण शाळेच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की पाणी दुधाळ होते. मुले टाळ्या वाजवतात. आमची भिंत याच प्रयोगावर उभी आहे, हे मिस्त्रींमुळे कळले.

चुनखडी किंवा शिंपले भट्टीत भाजले की चुनकळी मिळते. ती पाण्यात विरवली की भिजलेला चुना होतो. भिंतीवर लावल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि परत दगडासारखा होतो. मात्र त्यात बारीक छिद्रे राहतात. पावसाचे पाणी थोडे आत जाते, पण ऊन पडले की वाफ होऊन त्याच वाटेने बाहेरही येते. जुन्या घरांना पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतले पाणी विटांतून वर चढतेच. त्याला बाहेर पडायला चुन्याची वाट ठेवलेली असते.

सिमेंट आणि प्लास्टिक रंग ही वाट बंद करतात. पाणी भेगेतून आत शिरते आणि अडकते. त्याबरोबर मीठही येते. खारी हवा, खाडीचे पाणी, जमिनीतले क्षार, सगळे भिंतीत साठते. ओल सुकताना मिठाचे खडे होतात, ते फुगतात आणि वीट आतून फोडतात. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. पूर्वी हा लोणा चुन्याच्या पापुद्र्यासकट बाहेर गळून पडे. दर एक-दोन वर्षांनी नवा हात दिला की काम झाले. म्हणजे चुना स्वतः झिजून विटेला वाचवत होता. आम्ही झिजणारी वस्तू काढून न झिजणारी लावली आणि झिजायचे काम विटेवर आले.

चुना लावणे म्हणजे फसवणे, असे मराठीत म्हणतात. आमच्या बाबतीत उलटे झाले. चुना न लावणाऱ्यानेच आम्हाला चुना लावला. पण ठेकेदाराला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. घाई आमची होती.

काळे सगळे सारखे नसते

मिस्त्रींनी दुसरी गोष्ट शिकवली ती म्हणजे डाग ओळखणे. पावसाने भिजणाऱ्या भागावरचा काळा-हिरवा थर बहुधा शेवाळ आणि बुरशीचा असतो. पाणी शिंपडले की तो हिरवट दिसू लागतो. ब्लीचचा एक पातळ थेंब लावून पाहिला तर फिका पडतो. वळचणीखाली, जिथे पाऊस पोहोचत नाही, तिथला काळा, कडक थर वेगळा. त्यात काजळी आणि धूर असतो आणि ब्लीचने तो हलत नाही. धुरातला गंधकाचा वायू चुन्याशी मिळून जिप्सम बनवतो आणि त्या थरात काजळी अडकून बसते. बोईसर-तारापूर पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात आपल्या औद्योगिक क्षेत्राची गणना देशातल्या अतिप्रदूषित क्षेत्रांत झाली आहे.

ताजमहालची कथा बहुतेकांना ठाऊक असेल. आग्र्याच्या आसपासच्या कोळसा जाळणाऱ्या उद्योगांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. संगमरवराचा पिवळेपणा काढण्यासाठी पुरातत्त्व विभाग तिथे मुलतानी मातीचा लेप देतो. लेप सुकताना मळ ओढून घेतो, मग तो पाण्याने धुतात. जगातली इतकी मौल्यवान इमारत साफ करायला ॲसिड नाही, झोत नाही, तर माती, पाणी आणि सबुरी वापरतात. आपल्या घराचा चुन्याचा गिलावा त्याहून कणखर नक्कीच नाही.

इलाज

मिस्त्रींनी पहिली अट घातली की घाई करायची नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये काम सुरू झाले. छिन्नी-हातोडीने सिमेंटचा गिलावा हळूहळू उतरवला. भिंत चार महिने नागडी ठेवली. येणारे-जाणारे विचारत, “काम बंद पडले का?” काम चालूच होते, ते भिंत करत होती. ती वाळत होती. पांढरा लोणा बाहेर येई, तो आम्ही कोरड्या ब्रशने झाडून कागदावर गोळा करत असू. पाण्याने धुतला असता तर मीठ परत आत गेले असते. जिथे लोणा फार होता तिथे मातीचा ओला लेप देऊन सुकल्यावर काढला. कुजलेले तुळईचे टोक सुताराने कापून नवे लाकूड जोडले. भुगा झालेल्या विटा बदलल्या, दरजा चुना आणि वाळूने भरल्या.

फेब्रुवारीत गिलावा आणि मार्चमध्ये चुन्याचे हात झाले. चुना पिंपात आठवडाभर आधी विरवून ठेवला होता. फडक्यातून गाळला, ताकासारखा पातळ केला, त्यात भिजवलेला डिंक आणि चिमूटभर नीळ घातली. काही जण मीठ घालतात. आमच्या भिंतीत ते आधीच पुरेसे होते. भिंत आधी ओली करून काथ्याच्या कुंच्याने पातळ तीन हात दिले, दोन हातांमध्ये एक दिवस सोडून. लावताना चुना पारदर्शक दिसतो आणि वाटते काहीच झाले नाही. सकाळी पाहावे तर भिंत पांढरी. ताजा चुना इतका दाहक असतो की त्यावर शेवाळ आणि बुरशी बराच काळ धरत नाही. म्हणजे रंग तोच आणि औषधही तेच.

त्या वर्षी ३ मे रोजी ईद झाली. फुफी आपल्या खोलीतच होत्या. पावसाळा गेला तरी ओल कमरेपर्यंत चढली नाही, घोट्यापाशी थांबली. खोकला पुरता गेला असे म्हणता येणार नाही, पण रात्री झोप लागते असे त्या सांगतात. बिल्डरचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्याच सुमारास आम्ही त्यांना विचारले, “फुफी, पूर्वीही कधीतरी ईद पावसात आली असेलच. तेव्हा तुम्ही लोक काय करायचात?”

त्या हसल्या. “तेव्हा अब्बा फक्त आतल्या खोल्या आणि ओसरी करून घ्यायचे. बाहेरची भिंत दिवाळीनंतर. शेजारच्यांची घरे करून झाली की तोच गवंडी आपल्याकडे यायचा. ईद चंद्राची आहे बेटा, भिंत पावसाची.”

“मग २०१६ ला बोलला का नाहीत?”

“तुम्ही सगळे शिकलेले. आणि विचारले कुणी?”

याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

वर्षभराचे वेळापत्रक

खाडीकाठी, तळ्याकाठी, समुद्राजवळ जुने घर असलेल्या वाचकांसाठी आम्ही जे शिकलो ते थोडक्यात.

मे महिन्यात भिंतीला हात लावण्याआधी छपराकडे पाहा. फुटलेली कौले बदला, पन्हळी साफ करा. भिंतीवरचे निम्मे डाग गळक्या पन्हळीचे असतात. भिंतीला टेकलेली माती, विटांचा ढीग, कुंड्या बाजूला करा. पश्चिमेच्या बाजूला पूर्वी झावळ्यांचे झाप बांधत. ताडपत्री बांधली तरी चालेल, पण भिंतीपासून हातभर लांब, वारा खेळता राहील अशी.

पावसाळ्यात बाहेरून काही धुऊ नका, रंगवू नका. पाणी कुठून येते ते पाहून लिहून ठेवा. ओटा निसरडा झाला असेल तर काथ्याचा ब्रश आणि पाणी पुरे.

दिवाळीनंतर सफाई. आधी कोरडा ब्रश, मग मऊ ब्रश आणि बादलीभर पाणी. भिंत खालून वर ओली करत जा आणि वरून खाली धुवा, म्हणजे ओघळ उमटत नाहीत. तारेचा ब्रश नको, ॲसिड नको. दोन औषधे कधीही एकत्र करू नका.

हिवाळ्यात दुरुस्ती आणि चुना. विरवताना नेहमी पाण्यात चुनकळी टाका, चुनकळीवर पाणी ओतू नका. ती उकळून उडते आणि डोळा जाऊ शकतो. मुलांना लांब ठेवा. कामगाराला चष्मा, हातमोजे द्या आणि परांची मजबूत आहे का ते स्वतः पाहा.

बोईसर-पालघरच्या नव्या काँक्रीटच्या इमारतींचे गणित वेगळे आहे. तिथे सिमेंटवर बाहेरचा रंग चालतो, बेताच्या दाबाने धुतलेही चालते. पण गॅलरीच्या खालून तांबडे ओघळ दिसले तर तो मळ नव्हे. आतली सळई गंजून फुगते आहे. तो डाग रंगाखाली झाकू नका, जाणकार माणसाला दाखवा. चाळींवरचे जुने सिमेंटचे पत्रे प्रेशर वॉशरने मुळीच धुऊ नका. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते सुटून श्वासात जाणे फुफ्फुसांना घातक आहे.

पाण्याचेही एक सांगायचे. घरगुती प्रेशर वॉशर मिनिटाला सहा-सात लिटर पाणी घेतो. चार तास चालला तर दीड हजार लिटर होतात. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवर बायका हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. भिंतीसाठी ती बाजूला ठेवण्याचे कारण नाही. आमची सगळी पश्चिमेची भिंत आता वर्षाला दहा-बारा बादल्यांत साफ होते.

थोडा पांढरा डाग

पुढची बरीच वर्षे ईद कोरड्या महिन्यांतच येणार आहे. २०२५ ला ती ३१ मार्चला होती आणि दरवर्षी हिवाळ्याकडे सरकते आहे. म्हणजे रमजानच्या आधी बाहेरच्या भिंतीला चुना लावायला या काळाइतका योग दुसरा नाही. ज्यांच्याकडे अशी भिंत आहे त्यांनी तो साधावा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि गावातल्या जुन्या गवंड्यांना विचारायचे ते आत्ताच विचारावे. ईद पुन्हा जुलैत येईल तेव्हा त्यांच्यापैकी कुणी नसेल. सांगायची पाळी तेव्हा आपल्यावर असेल.

आमच्या भिंतीवर आता प्लास्टिक रंगाची चमक नाही. दरवर्षी खालच्या बाजूचा थोडा चुना गळतो, दरवर्षी एक हात द्यावा लागतो. तिला टेकून उभे राहिले की कपड्यांना पांढरे लागते. गेल्या ईदला चुलतभाऊ आला होता. शिरखुर्मा पिऊन ओट्यावर भिंतीला टेकून बसला आणि उठला तेव्हा काळ्या शेरवानीची पाठ पांढरी झाली होती. मुले हसू लागली. फुफींनी पदराने त्याची पाठ झटकली आणि म्हणाल्या, “राहू दे. घरी येऊन गेलास ते तरी लोकांना कळेल.”